कापसाच्या गंजीवरचा रुमालवाला

डोमाजीच्या टुरिंग टॉकीजचा पडदा उंदरांनी खाल्ला, ही गोष्ट खरी आहे. पडदा खाल्लेले ते उंदीर पुढे मांजर समोर आली की मागच्या दोन पायांवर उभे राहून, एक डोळा बारीक करून तिच्याकडे बघायचे, ही गोष्ट पटत नसेल तर सोडून द्या. पुढं आणखी बऱ्याच सोडाव्या लागतील.

सीडीची दुकानं गावोगाव निघाली तसा टुरिंग टॉकीजचा धंदा बसला. तंबू गेला, खुर्च्या गेल्या. डोमाजीजवळ उरलं काय, तर एक मशीन, एक जनरेटर, एक भोंगा, एक पिच्चर आणि मी. मी माइकवाला. कारण तो पिच्चर विलायती होता. त्यातली माणसं कोणत्या भाषेत बोलतात हे डोमाजीला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि ती बोलायचीही इतकी कमी की शंका यायची, त्यांना तरी माहीत आहे का. पण लोकांना तर गोष्ट कळली पाहिजे. म्हणून पडद्यावरचा माणूस तोंड उघडे आणि माइकवर मी बोले. तो एक शब्द बोलला तर मी दहा बोलायचो. तो नुसता थुंकला तरी मी दोन वाक्यं काढायचो.

पण पिच्चर, बाप्पा! तसा पिच्चर पुन्हा होणे नाही.

त्यात दोन दोस्त असतात. एकाच्या गळ्यात लाल रुमाल, दुसऱ्याच्या घोड्याला चांदीचा लगाम. उजाड माळ, डोक्यावर ऊन, आणि प्यायला पाणी नाही. दोघांना मिळून सोन्याची खाण सापडते. लगामवाला काय करतो, दोस्ताला कोरड्या विहिरीत ढकलतो, त्याचा घोडा घेतो आणि निघून जातो. रुमालवाला नखांनी माती उकरत वर येतो. त्याच्याजवळ एकच गोळी शिल्लक असते. ती तो तंबाखूच्या पिशवीत जपून ठेवतो आणि लगामवाल्याला शोधत निघतो. वाटेत कोणी कितीही त्रास दिला तरी ती गोळी तो काढत नाही. दुसऱ्याची बंदूक हिसकून भागवतो, पण ती गोळी नाही. ती एकाच माणसाची.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय आहे? अहो, तो बघायचा कसा! बोलणं नाही, घाई नाही. नुसते डोळे. तो डोळे बारीक करायचा तेव्हा आमच्याकडच्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या.

त्या वर्षी आम्ही हे सगळं सामान घेऊन केळापूरच्या वाटेवरच्या एका जिनिंगशी, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याशी, गेलो, कारण तिथं माणसं आयती बसलेली होती. कापसाची खरेदी कधी चालू, कधी बंद. आज बारदाना नाही, उद्या जागा नाही, परवा साहेब नाही. फाटकापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग. बंडी सोडून घरी जावं तर नंबर जातो. म्हणून माणसं बंडीखालीच रांधायची, बंडीखालीच निजायची आणि दिवसभर एकमेकांची तोंडं बघायची. ती बघून बघून इतकी कंटाळली होती की आमची तोंडं बघून त्यांना आनंद झाला. तिकीट म्हणून ओंजळभर कापूस ठरला.

पडद्याचं काय करायचं? डोमाजीनं फाटकातून आत पाहिलं. आवारात कापसाची गंजी होती, दुमजली घराएवढी, पांढरीशुभ्र. तिथला मुनीम आधी नाही म्हणाला. मग पिच्चरात घोडे आहेत म्हटल्यावर हो म्हणाला. अट एकच: मशीन फाटकाबाहेर, आणि विडी कोणी पेटवायची नाही. जिनिंगचा चौकीदार देवसिंग वाळूच्या बादल्या भरून गंजीपाशी बसला. त्यानं तरुणपणी एक जिन जळताना पाहिलं होतं. तेव्हापासून तो चूल पेटवतानाही बाजूला बादली ठेवायचा, असं त्याची बायको सांगे.

दिवेलागणीला डोमाजीनं मशीन चालू केलं आणि गंजीवर रुमालवाल्याचं तोंड उमटलं. कापसाच्या उंचवट्यांमुळे त्याला देवी येऊन गेल्यासारखी दिसत होती. एकेक डोळा बंडीच्या चाकाएवढा. रांगेतली सगळी माणसं आ करून उभी राहिली.

आणि मग सुरू झाली रसिकता! शहरातली माणसं पिच्चर बघताना मका खातात. आमची माणसं पिच्चर तपासतात.

"हा घोड्यावर बसून फिरून राह्यला, याच्या वावरात कोन आहे मंग?"

"वावर कायचं? पाह्य नं, कुसळ नाही उगवलं तिथं."

"पीकविमा भेटला असंल लेकाले."

दारूच्या गुत्त्यात दिवसाउजेडी दहाबारा माणसं पत्ते खेळताना दिसली, तर मागून आवाज आला, "खरेदी बंद असंल तिकडंबी."

आणि पिच्चरातला तो नामी प्रसंग! भर दुपारी दोन माणसं रस्त्याच्या दोन टोकांना उभी. हलत नाहीत, बोलत नाहीत. एकाच्या गालावर माशी बसते. तरी उभीच.

"हे एवढा टाइम कायले उभे आहेत रे?"

"नंबर लागला नसंल."

सगळ्यांना पटलं. इतकं पटलं की कोणी हसलंसुद्धा नाही. त्या दोघांबद्दल सगळ्यांच्या मनात माया दाटून आली. एकजण तर म्हणाला, "पानी तं इचारा कोनी त्याइले."

पिच्चर एका दमात दाखवायला घासलेट पुरत नव्हतं, म्हणून आम्ही तो तीन संध्याकाळींत वाटला. त्यातही गंमत अशी की दिवसा जिनिंग थोडं चाललं की गंजी बुटकी व्हायची. दुसऱ्या दिवशी रुमालवाल्याची टोपी गंजीत मावेना, ती वर आभाळात गेली. एकजण म्हणाला, "वाळला बिचारा. बदल्याची आग आतून खाते मानसाले."

हे वाक्य बोलणारा माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यात पुढं बसायचा. एरवी तो हसत नव्हता, बोलत नव्हता, डोळे बारीक करून नुसता बघत होता. त्याच्या हातात शिवळ होती. शिवळ म्हणजे जुवाच्या टोकाला बैलाची मान अडवायला घालतात ती लाकडी खुंटी. बाभळीची, हातभर लांब, डोक्यात बसली तर डोकं शिल्लक राहणार नाही अशी. त्याचं नाव उकंडा.

पहिला भाग संपला तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"बापू, मंग तो मारते का नाही त्याले?"

"कोण?"

"रुमालवाला. लगामवाल्याले."

"परवा कळंल."

"मारलंच पाह्यजे," असं म्हणून त्यानं शिवळ या हातातून त्या हातात घेतली आणि रांगेत मागं पाहिलं. त्याच्या बंडीच्या बरोबर मागं रूपसिंगची बंडी होती.

आता उकंडा आणि रूपसिंग यांचं सांगतो. उकंडा गावातला, रूपसिंग शेजारच्या तांड्यावरचा. दोघांजवळ एकेकच बैल. उकंड्याचा बांड्या, रूपसिंगचा खैऱ्या. एका बैलानं वखर चालत नाही, म्हणून दोघं सावड करायचे: दोन्ही बैल एका जुवाला, आज याचं वावर, उद्या त्याचं. अशी कित्येक वर्षं गेली. बैल इतके सवयीचे झाले की एकानं शेपटी उडवली तर माशी दुसऱ्याच्या अंगावरची उडायची.

आणि मग पोळ्याच्या दिवशी, सगळं गाव तोरणाखाली जमलेलं, बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झुली, उकंडा जू घेऊन, बांड्याला धरून उभा. आणि रूपसिंग आला तो खैऱ्यासोबत एक तरणाताठा गोऱ्हा घेऊन. त्याच्या सोयऱ्यानं दिलेला. नवी जोडी! उकंडा तोरणाखाली एका बैलानिशी उभा राहिला. पोळ्यात आमच्याकडे झडत्या म्हणतात. ज्याला सुचेल तो दोन ओळी जोडून एखाद्याची फजिती करतो आणि सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. अशा वेळी कोण सोडतो?

"एक काडी, दोन काडी, काडीवर काडी,
उकंड्याच्या जुवाले एकाच बैलाची जोडी!
हर बोला, हर हर महादेव!"

गजर एवढा मोठा झाला म्हणतात की वणीच्या खाणीत कोळसा सुटा झाला. उकंडा जू खांद्यावर टाकून घरी आला. त्या जुवाची एक शिवळ त्यानं काढून घेतली, आणि तेव्हापासून ती त्याच्या हातातच होती. जेवताना ताटाजवळ, झोपताना उशाशी. या खेपेला त्यानं मेव्हण्याचा बैल मागून, तेच जू लावून, शिवळीच्या जागी दोरी बांधून बंडी जुंपली होती, आणि नशीब असं की रांगेत मागचा नंबर रूपसिंगचाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंड्याची बायको सत्यभामा भाकरी घेऊन आली आणि नवऱ्याआधी माझ्याकडे आली.

"बापू, तुमच्या पिच्चरातला तो मानूस कवा मरनार आहे?"

"उद्या."

"त्याले मारू नोका."

"अगं, मी कोण मारणारा? तो तिकडं विलायतेत मरून मोकळा झाला."

"मले नोका सांगू. मारलं का नाही हे तुमी भोंग्यात सांगता ना? मंग नाही मारलं म्हना. हे येडं म्हनते, रुमालवाल्यानं गोळी घातली का म्या शिवळ घालतो. तो रूपसिंग मेला तं मेला, पन हे जेलात गेलं तं म्या एका बैलासंगं वावर वाहू काय? दुसऱ्या अंगाले म्या जुतू?"

"पण सत्यभामा, लोकांना दिसतं ना समोर."

"तुमच्या जिभेले हाड नाही हे अख्ख्या जिल्ह्याले ठाऊक आहे. जनमभर फुकट वळवळली. एक दिवस कामी आना."

एवढं मानाचं बोलणं मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. मी हो म्हणालो.

पण झालं काय, तो दुसरा भाग सगळा मारामारीचा. रुमालवाला एका गावात शिरतो आणि लगामवाल्याच्या माणसांना माश्यांसारखं पाडतो. मी माइक धरला आणि देवाचं नाव घेऊन सुरुवात केली.

धाड! पहिला माणूस छपरावरून खाली पडला.

"छप्पर कच्चं होतं," मी भोंग्यातून म्हणालो.

धाड! दुसरा घोड्यावरून पडला.

"याला भोवळ आली. सकाळपासून उपाशी."

"ओ बापू," मागून कोणी ओरडलं, "रगत निघून राह्यलं त्याच्या तोंडातून!"

"पान खाल्लंय त्यानं."

"छातीतूनबी निघून राह्यलं!"

"खिशात ठेवलं होतं पान."

यावर रांग खवळली. कोणी कापसाचा बोळा फेकला, कोणी टरबुजाची साल. एक म्हातारा उठून म्हणाला, "कापसाचं वजन चोरता तुमी लोकं, आता मुडदेबी चोरता काय!" डोमाजी मशीनमागून कुजबुजला, "बापू, धंदा बुडवतो काय लेका?" आणि या सगळ्या गोंधळात उकंडा शांत उठला, माझ्याजवळ आला, डोळे बारीक केले.

"बापू, सत्यभामानं तुमाले काय सांगतलं ते मले ठाऊक आहे. उद्या तुमी भोंगा वाजवा का नोका वाजवू. माह्ये डोये आहेत."

मागं रूपसिंग आपल्या बंडीच्या दांडीवर बसून बिनदिक्कत भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मी त्याला बाजूला घेतलं. "रूपसिंगभाऊ, उद्या पिच्चर पाहू नको. तांड्यावर जाऊन ये."

"अन् नंबर गेला तं?"

"जीव जाईल त्याचं काय?"

त्यानं एक शेंग फोडली, दाणे खाल्ले, टरफल फुंकलं. "बापू, मलेबी शेवट पाह्याचा आहे."

तर असा तिसरा दिवस उजाडला. गंजी आणखी खाली गेली होती आणि रुमालवाल्याचं आता कपाळसुद्धा आभाळात होतं. सगळ्या रांगेत चर्चा एकच. बाया आपापली मुलं घेऊन आल्या होत्या. मुनीम खुर्ची घेऊन आला. देवसिंग बादल्यांजवळ. आणि उकंडा पुढं बसलेला नव्हता. तो आपल्या बंडीच्या मागं, रूपसिंगच्या बंडीच्या तोंडाशी उभा होता. मधे हात-दोन हात अंतर. तिकडं गंजीवर रुमालवाला आणि लगामवाला समोरासमोर, इकडं हे दोघे. पिच्चर कोणता बघावा, हे लोकांना कळेना.

रुमालवाल्यानं तंबाखूची पिशवी काढली. उकंड्यानं शिवळ उजव्या हातात घेतली. रुमालवाल्यानं पिशवीतून गोळी काढली. उकंड्यानं शिवळ वर केली. सत्यभामा माझ्याकडे बघत होती. आणि मला, ज्याला आयुष्यात बोलायला कधी कमी पडलं नाही, त्या मला एक शब्द सुचेना. छप्पर नाही, भोवळ नाही, पान नाही.

तेवढ्यात पिच्चरात लगामवाल्यानं जवळचा कंदील उचलून धान्याच्या कोठारावर फेकला. कोठार पेटलं. अख्खी गंजी लालभडक झाली, ज्वाळा कापसावरून सरसर वर चढायला लागल्या. आणि जन्मात पहिल्यांदा मी पिच्चरात होतं तेच, आणि तेवढंच, भोंग्यातून सांगितलं.

"आग! आग लागली!"

देवसिंगनं मागंपुढं पाहिलं नाही. पहिली बादली त्यानंच फेकली. मग मुनीम खुर्चीवरून उडाला. "गंजी पेटली रे!" कापसावर पोट असलेल्या माणसाला आग हा शब्द ऐकू आला की तो विचार करत नाही. जो तो उठला. पाण्याच्या घागरी, वाळू, चुलीवरची वरणाची भगुणी, जे हाती लागलं ते गंजीवर. पाणी पडतंय, आणि आग विझत नाही! विझेल कशी? जितकी माणसं गंजीवर चढली तितकी तीही लाल दिसायला लागली. "सुक्या पेटला, सुक्या पेटला!" म्हणून पाचजणांनी सुक्या नावाच्या एका पोराला पाण्याच्या टाक्यात बुडवला. शेवटी कोणीतरी शहाणपणानं एक घागर डोमाजीच्या मशीनवर ओतली आणि आग एकदम विझली.

पण तोवर बैलांनी दावी तोडली होती. सगळी रांग मोकळी. शेपट्या वर करून सगळे बैल वणीच्या रस्त्याला लागले. रूपसिंगचा तो तरणा गोऱ्हा सगळ्यांच्या पुढं. तो कोळशाच्या ट्रकात चढून चंद्रपूरला उतरला, असं ट्रकवाल्यानं स्वतः मला सांगितलं. उकंड्याच्या मेव्हण्याचा बैल मेव्हण्याच्याच घरी गेला. बैल इमानी असतात.

मुनीम फाटकात उभा राहून बोंबलत होता, "बंब बोलावला हो! फाटकातल्या बंड्या हटवा! आत घ्या आत, बंबाले वाट द्या!" फाटकाच्या तोंडाशी पहिली बंडी उकंड्याची, दुसरी रूपसिंगची. ओढायला बैल कुठं?

मशीनचा उजेड गेला तरी बंड्यांखालचे कंदील होते. त्या उजेडात मी पाहिलं. उकंडा शिवळ उगारून तसाच उभा होता, समोर रूपसिंग. आणि दोघांच्या मधल्या त्या हात-दोन हात जागेत बांड्या आणि खैऱ्या येऊन उभे राहिले होते. दावी त्यांनीही तोडली होती, पण ते वणीला गेले नव्हते. बांड्या डाव्या अंगाला, खैऱ्या उजव्या अंगाला, त्यांच्या जुन्या जागी, माना खाली घालून. जू यायची वाट बघत.

उकंड्याचा हात वरच राहिला.

"सरक," तो बांड्याला म्हणाला. बांड्या सरकला नाही.

"तो नाही सरकत," रूपसिंग म्हणाला. "गोऱ्ह्यासंगं खैऱ्याबी नाही चालला एक दिवस. वखराचं तास वाकडं, माह्यं डोकं वाकडं. पोयाच्या दिवशी सोयरा उरावर बसला होता, त्याचा मान ठेवला. दुसऱ्या दिवशी सांगाले आलतो तुले. तू कवाड लावून बसला."

"कवाड वाजवाचं मंग!"

"वाजवलं. आतून म्हने घरी नाही."

उकंड्यानं सत्यभामाकडं पाहिलं. सत्यभामा आभाळाकडे बघायला लागली.

"तसं म्हन म्हनून तुमीच सांगतलं होतं," ती आभाळालाच म्हणाली.

मुनीम पुन्हा बोंबलला. रूपसिंगनं उकंड्याच्या बंडीचं जू उचलून दोन्ही बैलांच्या मानेवर ठेवलं. एका टोकाची शिवळ होती, दुसऱ्या टोकाला भोक रिकामं.

"पोयापासून हाती घेऊन फिरून राह्यला ना?" तो म्हणाला. "मंग लाव आता. तिची जागा माह्या डोक्शात नाही, इथं आहे."

उकंड्यानं शिवळीकडं पाहिलं, रूपसिंगच्या डोक्याकडं पाहिलं, दोन्हींची तुलना केली. मग ठोकून शिवळ भोकात बसवली. जरा जास्तच जोरात ठोकली, हे कबूल.

त्याच जोडीनं आधी उकंड्याची बंडी आत गेली, मग रूपसिंगची. बंब आला तेव्हा आग नव्हती, ओल्या कापसात लोळणारा मुनीम होता. दुसऱ्या दिवशी रांगेतली बाकी माणसं आपापले बैल शोधत रानोमाळ फिरत होती आणि ज्यांच्या बंड्या आत होत्या त्यांच्या कापसाचं वजन होऊन काटा झाला. रांगेतल्या लोकांना वाटलं, हा सगळा त्या दोघांनी मिळून केलेला डाव होता. अजूनही काहींना तसंच वाटतं.

पुढच्या पोळ्याला बांड्या आणि खैऱ्या एका जुवाखाली तोरणाशी आले. उकंड्यानं बदला सोडला नव्हता. त्यानं सगळ्या गावासमोर घसा साफ केला.

"काडीवर काडी, काडीची केली माडी,
रूपसिंगच्या खैऱ्यानं ओढली उकंड्याची गाडी!"

आणि रूपसिंगनं सगळ्यांच्या वर आवाज काढून गजर केला. तो बदल्याचाच भाग होता, तसं ठरलं होतं.

डोमाजीच्या पिच्चरचा शेवट मात्र त्या घागरीत गेला. रिळाच्या चिकट वड्या झाल्या. आजही बाजारात कोणी ना कोणी अडवतं, "बापू, रुमालवाल्यानं मारलं का हो शेवटी?" मी तो शेवट शेकडो वेळा पाहिलेला माणूस. तोंड उघडणार तेवढ्यात उकंडा कुठून तरी येतो आणि मधेच सांगतो, "नाही बा. याचा घोडा जाऊन त्याच्या घोड्यापाशी उभा राह्यला. मंग काय करता?"

इतकी सफाईदार थाप मला उभ्या जन्मात जमली नाही. पण मी मान डोलावतो. उद्या पुन्हा शिवळ हाती घेतली तर काय घ्या.